मोठे टायर टाकले आणि गाडी ओढेना : क्राउन-पिनियनचं गणित

या भागाचं शब्दांकन नेहमीप्रमाणे थोडं आवरून देतोय. बोलताना आकडे भराभर निघून गेले, असं बऱ्याच जणांनी कळवलं, म्हणून इथे ते सावकाश लिहिले आहेत.

विषय आला दुसरबीडहून. सिंदखेड राजा तालुक्यातलं गाव, मेहकर ते सिंदखेड राजा रस्त्यावरचं. तिथल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज होता : "भाऊ, पिकअपचे पाटे वाढवले, मोठे टायर टाकले. चिखलात गाडी मस्त चालून राहिली, पण माल भरला की चौथ्यात ओढतच नाही. एका सीझनात क्लच प्लेट गेली. गॅरेजवाला म्हणते मागचा क्राउन बदलून देतो, पुढचं मंग पाहू. करू का?"

उत्तर आधीच सांगून टाकतो. असं अर्धं काम करू नका. का, ते आता बघू.

गाडी जुनी डिझेल पिकअप आहे, चारही चाकं ओढणारी, पुढे-मागे पाटे. कंपनीचे टायर होते २१५/७५ आर १५. आता आहेत ३१ बाय १०.५ आर १५. या आकड्यांतून टायरची उंची काढता येते. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी. तिच्या ७५ टक्के म्हणजे १६१ मिलिमीटर ही टायरच्या भिंतीची उंची, ती वर एकदा आणि खाली एकदा. मध्ये १५ इंचांची रिम, म्हणजे ३८१ मिलिमीटर. बेरीज होते साधारण ७०३. नव्या टायरचा पहिला आकडाच इंचातली उंची आहे, ३१ इंच म्हणजे ७८७ मिलिमीटर. भाग दिला की कळतं, नवं चाक जवळजवळ १२ टक्के मोठं आहे.

आता मुद्द्याचं. इंजिनचं जोर गिअरबॉक्समधून प्रॉपेलर शाफ्टवर येतं, तिथून मागच्या हाऊसिंगमधल्या पिनियनवर. छोटा पिनियन मोठ्या क्राउनला फिरवतो. क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, हा झाला एक्सलचा रेशो. ४३ आणि १० दात असतील तर ४.३०. शाफ्ट ४.३ वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. पण जमिनीला फेरे कळत नाहीत, तिला फक्त अंतर कळतं. चाक मोठं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढे जाते, म्हणजे तेवढंच जोर जास्त अंतरावर पसरतं. ४.३० ला १.११९ ने भागा, ३.८४ येतात. हाऊसिंगला हात न लावता तुम्ही आपल्या पिकअपचा क्राउन ४.३० चा ३.८४ करून ठेवला आहे! टायरवाल्याने टायर विकले आणि सोबत गिअरही बदलून दिला, फक्त बिलात लिहिला नाही.

मग चिखलात कशी चालते? इथे बहुतेकांची गल्लत होते. शेताच्या वाटेवर आपण लिव्हर लो मध्ये टाकतो. जुन्या जीपच्या जातीच्या ट्रान्सफर केसमध्ये लो रेंज जोर सुमारे अडीच पट करते. अडीच पटीतून १२ टक्के गेले तर जाणवतही नाही. जाणवतं ते साध्या टू-व्हीलमध्ये, भरल्या गाडीत. बाजार समितीच्या आवारात चढावर रिव्हर्स घेताना. सोयाबीन किंवा कापूस भरून राजूर घाट चढताना, जिथे तिसरा पुरत नाही आणि दुसऱ्यात इंजिन ओरडतं. पहिल्या गिअरमध्ये गाडी हलवताना क्लच अर्धा दाबून जास्त वेळ घासावा लागतो, आणि प्लेट जाते ती तिथेच. तर दादा, तुमची क्लच प्लेट रस्त्यावर जळाली, बदनाम मात्र चिखल झाला.

याला जुना दाखलाही आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचा एक्सल रेशो होता ४.८८. १९४५ मध्ये कंपनीने तीच जीप शेतकऱ्यांसाठी सीजे-टू-ए म्हणून काढली, तेव्हा तिला ५.३८ चा रेशो दिला. नांगर ओढायचा, ट्रेलर ओढायचा, पळायचं कमी. त्याच घराण्यातली सीजे-थ्री-बी पुढे महिंद्रांनी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. म्हणजे काम बदललं की क्राउन बदलायचा, हे जीप बनवणाऱ्यांनी सुरुवातीलाच केलं होतं. आपण मात्र टायर बदलतो आणि क्राउन विसरतो.

आधी आपला रेशो खात्रीने माहीत हवा. जुन्या गाडीत कोणी कधी कोणतं हाऊसिंग घातलं असेल, सांगता येत नाही. पुस्तकावर जाऊ नका, मोजा. सपाट जमिनीवर पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून दगड लावा. मागचं एकच चाक जॅकने उचला आणि खाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर विसंबू नका. गाडी न्यूट्रल, लिव्हर टू-व्हीलमध्ये, हँडब्रेक सोडलेला. शाफ्टवर खडूची खूण करा. एकाने उचललेलं चाक २० फेरे फिरवायचं, दुसऱ्याने बाजूला बसून शाफ्टचे फेरे मोजायचे. दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असल्यामुळे डिफरन्शियलच्या करणीने क्राउन निम्मेच, म्हणजे १० फेरे फिरतो. शाफ्टचे फेरे भागिले १०, हा तुमचा रेशो. दुसरबीडच्या दादांनी मोजून कळवलं : ४३. म्हणजे ४.३०.

जुनी ओढ परत हवी असेल तर ४.३० ला १.११९ ने गुणा. ४.८१ येतात. पण ४.८१ चा क्राउन दुकानात मागून मिळत नाही. दात पूर्ण आकड्यातच असतात, आणि तुमच्या हाऊसिंगसाठी ज्या जोड्या बनल्या त्यांतूनच निवडायचं. जवळचा प्रचलित रेशो ४.८८, म्हणजे ३९ आणि ८ दात. तो तुमच्या हाऊसिंगचा मिळतो का, हे टायर घ्यायच्या आधी विचारायचं असतं. मिळत नसेल तर तो टायर आपल्या गाडीचा नाही असं समजावं.

वेगाचं काय होतं तेही बघा. चौथा गिअर सरळ, म्हणजे इंजिन आणि शाफ्टचे फेरे सारखे, असं धरू. ताशी ८० ला जुन्या टायरवर इंजिन मिनिटाला साधारण २६०० फेरे घेत होतं. मोठ्या टायरवर ते २३०० वर आलं. मोकळ्या गाडीत हे बरं वाटतं, आवाज कमी होतो. भरल्या गाडीत इंजिन दबतं. ४.८८ टाकला की पुन्हा २६०० च्या थोडं वर. कोणी म्हणेल, मग ५.३८ च टाकू, ओढ अजून वाढेल. वाढेल, पण त्याच ८० ला इंजिन २९०० वर जाईल. समृद्धी महामार्गावर मालवाहू गाडीला ताशी ८० चीच मर्यादा आहे, तरी जुनं डिझेल तासन्‌तास २९०० वर ठेवलं तर डिझेलही जाणार आणि कानही. माझं मत विचाराल तर माल वाहणाऱ्याने गणितापेक्षा किंचित वरचा आकडा घ्यावा, दोन पायऱ्या वरचा घेऊ नये. पिनियनचे दात कमी झाले की पिनियन बारीक होतो आणि जोरही कमी सोसतो, हे वेगळंच.

स्पीडोमीटरही फसवतो. ज्या गाड्यांत त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागून निघते, तिथे मोठ्या टायरवर काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८९ च्या पुढे असते. चलन आलं की मग लक्षात येतं. क्राउन बदलला की हा फरक आपोआप भरून निघतो. नव्या गाड्यांत वेग चाकाजवळच्या एबीएस सेन्सरवरून मोजला जातो, तिथे क्राउन बदलून काटा सुधारत नाही.

आता "मागचा बदलू, पुढचं मंग पाहू" याकडे येऊ. मागे ४.८८ आणि पुढे ४.३० ठेवले, तर लिव्हर फोर-व्हीलमध्ये टाकल्यावर ट्रान्सफर केस दोन्ही शाफ्ट सारखेच फिरवणार, पण पुढची चाकं मागच्यांपेक्षा १३ टक्क्यांहून जास्त अंतर कापायला बघणार. पातळ चिखलात चाक घसरून हा फरक पचवतं. वाट थोडी घट्ट लागली की घसरायला जागा नाही. मग ताण शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये, ट्रान्सफर केसच्या दातांत साठतो. लिव्हर अडकतो, निघत नाही, आणि शेवटी काहीतरी तुटतं. टू-व्हीलमध्ये यातलं काही दिसत नाही, म्हणून गॅरेजमधून गाडी छान चालत बाहेर पडते. पण तुम्ही मोठे टायर घेतले ते फोर-व्हील लावायच्या दिवसासाठी, आणि गाडी बसेल ती त्याच दिवशी.

ज्यांच्याकडे फोर-व्हील ट्रॅक्टर आहे त्यांना हे लगेच पटेल. ट्रॅक्टरचं पुढचं चाक लहान असलं तरी पुढचं आणि मागचं गणित कारखान्यात जुळवलेलं असतं, पुढचं चाक किंचितच जास्त ओढतं. मागचा टायर वेगळ्या मापाचा टाकला की पुढचे टायर खडूसारखे झिजतात. तेच इथे.

म्हणून बदलायचं तर दोन्ही हाऊसिंग एकदम. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घासून तयार केलेले असतात, त्यावर जोडीचा नंबर असतो. एका जोडीचा क्राउन आणि दुसरीचा पिनियन कोणी देत असेल तर उठून या. बसवताना शिम घालून बॅकलॅश डायल गेजने बघावा लागतो आणि दातांना रंग लावून घासणीची खूण कुठे येते ते तपासावं लागतं. "हाताने हलवून कळतं" म्हणणारे मिस्त्री असतात, काहींना खरंच कळतंही, पण दोन हाऊसिंगच्या पैशांवर मी ती पैज लावणार नाही. नवी जोडी बसली की पहिले काहीशे किलोमीटर माल भरू नका, सुरुवातीला थोडं चालवून हाऊसिंग थंड होऊ द्या, आणि मग ऑइल बदला.

एक राहिलंच. पाटे वाढवून बॉडी उंच होते, हाऊसिंग होतं तिथेच राहतं. हाऊसिंग वर येतं ते फक्त टायरमुळे, आणि तेही वाढीच्या निम्मं. इथे ८४ मिलिमीटरचं निम्मं, म्हणजे जेमतेम चार सेंटिमीटर. एवढ्यासाठी शाफ्टचा कोन वाढला, क्रॉस लवकर जाणार. ब्रेक तेच राहिले आणि चाक मोठं झालं, म्हणून त्याच पायाच्या दाबाला थांबवणारं बळ दहा टक्क्यांहून जास्त कमी. भरल्या गाडीत घाट उतरताना याचा विचार करा. आणि कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ वर्णनात मालकाला मनाने बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांचा दंड ठेवला. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न टायरचाच विचारेल.

तर दुसरबीडच्या दादांना माझा सल्ला असा. ३१ चे टायर चांगल्या स्थितीत आहेत तोवर विकून टाका. २३५/७५ आर १५ चे, मोकळ्या मोठ्या गुट्ट्यांचे टायर आधी आरटीओत विचारून मगच घ्या. उंची ७३३, म्हणजे मूळच्यापेक्षा चार टक्केच जास्त. ४.३० चा क्राउन ४.१२ सारखा वागेल, घाटात एखादा गिअर लवकर पाडावा लागेल इतकंच. काळ्या मातीत अडवतो तो टायरच्या खाचांत बसलेला गारा, तो झटकणारी नक्षी उंचीपेक्षा जास्त कामाची. पाटे मूळ मापावर आणा, क्लच प्लेट नवी घाला. दोन हाऊसिंगचा खर्च वाचेल, त्यात टायरचा तोटा भरून निघतो का ते हिशेब करून कळवा, पुढच्या भागात तो आकडा वाचून दाखवतो.