जॉइन केल्यावर बेरीज का चुकते?

दुकानाची विक्री एक्सेलमध्ये ठेवणाऱ्याला ओळींची मर्यादा सहसा नडत नाही (ती १०,४८,५७६ आहे, म्हणजे भरपूर). नडते ती पुनरावृत्ती. प्रत्येक बिलासमोर गिऱ्हाइकाचं नाव-गाव पुन्हा लिहायचं. मग एकाच माणसाचं गाव कुठे 'सातारा', कुठे 'सातारा शहर' होतं आणि गावनिहाय हिशेब फसतो. रिलेशनल डेटाबेसमध्ये गिऱ्हाइकांचा तक्ता वेगळा, बिलांचा वेगळा. दोन्हींना बांधतो तो ग्राहक क्रमांक. ही मांडणी आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली सुचवली. प्रश्न विचारायची भाषा, एसक्यूएल, पुढे तिथेच चेंबरलिन आणि बॉइस यांनी घडवली.

तिच्यातले सिलेक्ट (निवड), व्हेअर (अट), ग्रुप बाय (गट) लवकर हाती येतात. खरी मेख जॉइनमध्ये, म्हणजे दोन तक्ते जोडण्यात आहे. साध्या जॉइनमध्ये ज्यांनी महिनाभर काहीच घेतलं नाही ती गिऱ्हाइकं उत्तरातून गायब होतात, आणि मालकाला तर नेमकी तीच हवी असतात! तिथे लेफ्ट जॉइन लागतो; तो पहिल्या तक्त्यातल्या सगळ्या ओळी ठेवतो. महिन्याची अटही व्हेअरऐवजी ऑनमध्ये (जोडणीच्या अटीत) घालावी लागते, नाहीतर ती गिऱ्हाइकं पुन्हा गळतात. उलट, एका बिलात पाच वस्तू असतील आणि बिलाची एकूण रक्कम वस्तूंच्या तक्त्याशी जोडून बेरीज केली, तर ती रक्कम पाचदा मोजली जाते. संगणक तक्रार करत नाही. आलेखही देखणा येतो. म्हणून जॉइनच्या आधी आणि नंतर ओळी मोजाव्यात.

सरावाला एसक्यूलाइट पुरेसं: फुकट, आणि सगळा डेटाबेस एकाच फाइलमध्ये. पॉवर बीआय या आलेख काढणाऱ्या साधनाचे रंगीत डॅशबोर्ड त्यानंतर.