रडतोंडी बुरजाच्या अलीकडे

‘पन्नास किलोमीटर? तेही डोंगरातून? अगं, वेल्ह्याला एसटी जाते की!’ आईची पहिली प्रतिक्रिया ही.

एसटी जाते, खरंय. पण सिंहगडावरून निघायचं, राजगड चढून उतरायचं आणि तोरण्यावरून वेल्ह्यात यायचं, ही ट्रेकर मंडळींची लाडकी वाट. ते पाठीवर शिधा घेऊन दोन-तीन दिवसांत करतात. आम्ही ती एका दिवसात पळणार होतो. ४२.१९५ किमीच्या पुढची कुठलीही शर्यत म्हणजे अल्ट्रा. माझ्या खात्यात दोन मॅरेथॉन होत्या, दोन्ही डांबरी रस्त्यावरच्या. आणखी आठ किलोमीटर, त्यात काय एवढं! असा माझा हिशेब.

शर्यतीआधी सामानाची तपासणी झाली. शिट्टी, हेडलॅम्प, जॅकेट, अंगाभोवती गुंडाळायचं चकचकीत ब्लँकेट. यातलं एक जरी नसलं तरी प्रवेश नाही. सह्याद्रीत जॅकेट कशाला, म्हणून मी कुरकुरले. शेजारच्या अनुभवी काकांनी शांतपणे सांगितलं, की २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किमीच्या ट्रेल शर्यतीत अचानक गारा आणि वादळी वारा सुटला. अंगावर पातळ कपडे. २१ धावपटू गारठून गेले. सहा जणांना एका मेंढपाळानं वाचवलं. मी मुकाट्यानं जॅकेट बॅगेत कोंबलं.

पहाटे अंधारात निघालो. पहिला खडा चढ आला आणि पुढचे सगळे चक्क चालायला लागले. गुडघ्यांवर हात, मान खाली. म्हटलं, हे काय पळणारे! मी पळतच राहिले, तीस-चाळीस जणांना मागे टाकलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. चढावर जिंकणारेसुद्धा चालतात, कारण तिथं पळून मिनिटं वाचतात थोडीच, पाय मात्र खूप खर्च होतात. हे मला माहीत होतं, वाचलेलं होतं. पण मागून कोणी येताना दिसलं की वाचलेलं आठवत नाही.

कल्याण दरवाज्याच्या बाजूनं उतरून विंझरकडे जाताना कापलेल्या भाताची खाचरं, भुंकणारी कुत्री आणि ‘दीदी, पळ पळ!’ म्हणत सोबत धावणारी पोरं. हा भाग सुखाचा. राजगडाच्या चढावर श्वास लागला, पण तेही निभावलं. हिसका दाखवला तो उतारानं. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जातो आणि त्याच वेळी त्याला ब्रेकही लावायचा असतो. त्यात तो बारीक बारीक फाटतो. संजीवनी माचीवरून अळू दरवाज्यानं खाली येईपर्यंत माझ्या मांड्या माझं ऐकेनाशा झाल्या. शेवटी बसून, हात टेकत उतरले. मघाशी मागे टाकलेले सगळे ‘ओके का?’ विचारत पुढे गेले. काकापण.

तोवर मी भीतीपोटी साधं पाणी ढोसत होते. प्रत्येक पॉइंटला बाटल्या भरायच्या, खायचं मात्र काही नाही, कारण मळमळत होतं. राजगड आणि तोरणा यांच्यामधल्या खिंडीत डांबरी रस्ता येतो. तिथल्या स्वयंसेवक मुलानं माझ्या हाताकडे पाहिलं. ‘ताई, अंगठी सकाळपासून एवढी घट्ट आहे?’ नव्हती. बोटं सुजली होती. पाणी भरमसाट आणि मीठ नाही, की रक्तातलं सोडियम पातळ होतं. वाढलं तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. त्यानं बाटली काढून घेतली, मीठ लावलेला उकडलेला बटाटा हातात दिला आणि डॉक्टरांना बोलावलं.

कट-ऑफला मी तशीही ११ मिनिटं उशिरा पोचले होते. समोर तोरणा, १,४०३ मीटर. बुधला माचीकडे जाताना रडतोंडी बुरूज लागतो. ते नाव ऐकून आम्ही आठवडाभर विनोद केले होते. त्याच्या अलीकडेच, रस्त्याच्या कडेला बसून मी हुंदके देत रडले. मुलानं बिब काढून घेतला, बटाटा खाईपर्यंत थांबला. रडू नका वगैरे काही म्हणाला नाही, हे बरं केलं.

रात्री आईनं फोनवर विचारलं, ‘मग, एसटीनं आलीस?’

‘नाही. जीपनं.’

तीन आठवड्यांनी मैत्रिणीला घेऊन पुन्हा त्याच खिंडीत उतरले. डब्यात बटाटे, कागदात मीठ. घड्याळ मुद्दाम घरी ठेवलं होतं. चढाला चाललो, रडतोंडीजवळच्या लोखंडी शिडीवर मैत्रिणीनं माझा फोटो काढला, त्यात मी दात काढून हसतेय. वेल्ह्यात उतरलो तेव्हा अंधारायला लागलं होतं. स्टँडवर एसटी उभी होती.