कंपवात आणि रात्रीची लघवी

हाताला कंप सुटणे, चाल मंदावणे व स्नायू ताठरणे ही कंपवाताची लक्षणे सर्वपरिचित आहेत. इंग्लंडमधील डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्याच नावाने ती जगभर ओळखली जाते. मात्र या व्याधीत रुग्णाला रात्री वारंवार लघवीसाठी उठावे लागते, याकडे दुर्लक्ष होते. रुग्ण संकोचाने बोलत नाही आणि घरची मंडळी ‘वयोमानाप्रमाणे चालायचेच’ अशी समजूत करून घेतात.

मूत्राशय पुरेसे भरेपर्यंत त्याला आवरून धरण्याचे काम मेंदू करीत असतो. कंपवातात मेंदूतील डोपामिन हे द्रव्य कमी पडते, हा आवर सैल होतो आणि थोडे मूत्र साचले तरी घाई होते. शिवाय दिवसा पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर रक्तात परतते व मूत्राचे प्रमाण वाढते. मधुमेह, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा प्रोस्टेट ग्रंथीची वाढ हीही कारणे असू शकतात. म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी.

खरा धोका पडण्याचा आहे. रात्री औषधाचा अंमल ओसरलेला असतो, अंग ताठरते आणि एकदम उभे राहताच रक्तदाब उतरून घेरी येते. अशा वेळी अंधारात अंगणापलीकडील शौचालय गाठताना खुब्याचे हाड मोडल्यास रुग्ण कायमचा अंथरुणास खिळू शकतो.

उपाय साधे आहेत. दिवसा पाणी मुळीच तोडू नये; त्याने बद्धकोष्ठता व संसर्ग बळावतात. संध्याकाळनंतर मात्र पाणी बेताचे प्यावे, चहा-कॉफी टाळावी. दुपारी काही वेळ पाय उंचावर ठेवून पडावे. निजण्यापूर्वी लघवी करून यावे. उशाशी मंद दिवा, खाटेजवळ लघवीचे भांडे आणि सहज सुटणारे कपडे असावेत. उठताना काठावर क्षणभर बसून मगच उभे राहावे. तीन दिवस लघवीच्या वेळा व प्रमाण वहीत टिपून डॉक्टरांना दाखवावे. औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत वा वाढवू नयेत. मूत्राशय शांत करणाऱ्या काही औषधांनी वृद्धांना भ्रम होऊ शकतो.

गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांनी अशा घरी आपुलकीने हा विषय काढावा. रुग्णाने तोंड उघडले, तर निम्मा भार तेथेच हलका होतो.