ट्रंकेत न मावणारं

जवानाची बदली दर दोन-तीन वर्षांनी ठरलेली. काळ्या ट्रंका सगळ्याच क्वार्टरांत बांधल्या जातात. पण घरात स्वमग्न किंवा कर्णबधिर मूल असेल, तर ट्रंकेत न मावणारं बरंच मागे राहतं. लळा लावलेल्या बाई, पाठ झालेला शाळेचा रस्ता, नुकते फुटू लागलेले चार शब्द. ते शब्दही कुठल्या भाषेतले? घरी आई मराठी बोलते, स्पीच थेरपी हिंदीतून, आणि पुढची बदली सिकंदराबादला. बोलायला आधीच अडखळणाऱ्या लेकराला हे किती जड जात असेल, याचा विचार मला नेहमी अस्वस्थ करतो.

गेल्या तीस वर्षांत काय बदललं? 1995 च्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते. स्वमग्नतेचं त्यात नावही नव्हतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि मूल अठरा वर्षांचं झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्याची वाट दिली. 2016 च्या कायद्याने प्रकार एकवीस केले. मग यूडीआयडी हे देशभर चालणारं अपंगत्वाचं ओळखपत्र आलं. फौजी आईला त्याचं मोल विचारा! एका जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनचा दाखला दुसऱ्या राज्यात पुढे करायचा आणि तपासण्या पुन्हा सुरू करायच्या, हे तिने सोसलेलं आहे.

सैन्याने स्वतः केलेलं काम म्हणजे शाळा. सैनिकपत्नींची ‘आवा’ ही संघटना 1966 पासूनची. विशेष मुलांसाठी तिच्या ‘आशा’ शाळा पुण्यासह अनेक छावण्यांत आहेत. नौदलाच्या अशाच ‘संकल्प’ शाळा आहेत. मुलासाठी अशी शाळा असलेल्या ठिकाणी बदली मागता येते. माझ्या मते शाळेइतकीच ही सोय मोलाची आहे.

खरी अडचण पुढे येते. शिपाई चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो. मूल तेव्हा तेरा-चौदाचं. छावणी सुटते, शाळा सुटते, आणि कुटुंब साताऱ्या-सांगलीकडच्या गावी परततं. तिथे थेरपीसाठी एसटीने तालुका गाठायचा. अंगाने वाढलेल्या मुलाला एसटीत चढवायचं, तेही आईनेच.

मग ‘आपल्यामागे कोण?’ हा घोर. अपंग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. पण त्याची कमाई महिना 9,000 रुपये आणि त्यावरील महागाई दिलाशाच्या वर गेली, की ते बंद होई. म्हणजे मुलाने काम शिकावं की शिकू नये? 2021 मध्ये ही मर्यादा वडिलांच्या शेवटच्या पगाराच्या तीस टक्क्यांशी जोडली गेली. उशिरा, पण योग्य झालं.

मात्र या निवृत्तिवेतनासाठी मुलाच्या अपंगत्वाची नोंद पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैन्याच्या सेवानोंदीत, आणि पुढे पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर हवी. वडील हयात असतानाच ती झालेली बरी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर म्हणूनच एखादी आई मांडीवर फाइल घेऊन बसलेली असते. आधार कार्डावर आणि रेकॉर्ड ऑफिसच्या कागदावर मुलाचं नाव एकसारखं लिहिलंय का, ते अक्षर न् अक्षर ताडून पाहत.