छत्तीस पुरुषांची भूक

‘आरसा आणि ताट’ : लेखांक सहावा

वही अगदी नीटनेटकी होती. दोनशे पानी, कव्हर घातलेली. आत मोत्यासारख्या अक्षरात पाककृती : पुरणपोळी, सुरळीच्या वड्या, बाकरवडी, चॉकलेट केक, तीन प्रकारची बिर्याणी. प्रत्येक पदार्थाच्या नावापुढे पेन्सिलनं एक आकडा लिहिलेला. आईला वाटलं होतं, पदार्थ किती जमला त्याचे मार्क असतील. ते कॅलरींचे आकडे होते.

“मॅडम, हिला खाण्याची इतकी आवड आहे हो,” आई सांगत होती. “रविवारी सगळ्यांसाठी पाणीपुरी करते, पुऱ्यासुद्धा घरीच तळते. ‘बाबा, अजून दोन घ्या ना’ म्हणून मागे लागते. आणि डॉक्टर म्हणतात, हिला न खाण्याचा आजार आहे. असं कसं होईल?”

मुलगी अकरावीतली. एप्रिलच्या दुपारी, पंखा बंद करायला लावून, स्वेटर घालून शेजारी बसलेली. स्वतः एका फुलक्याचे पंधरा-सोळा तुकडे करायची आणि ते तासभर पुरवायची. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

गेल्या आठवड्यात आपण फिजी बेटांवर होतो. तिथल्या नाद्रोगा भागात १९९५ साली टीव्ही आला. तेव्हा, आणि पुन्हा १९९८ साली, ॲन बेकर यांनी शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम ओकणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती, तीन वर्षांनी अशा मुली ११ टक्क्यांवर गेल्या. आरशात दिसणारी प्रतिमा बाहेरून कशी येते, ते त्यातून कळलं. पण या आईचा प्रश्न आरशापाशी सुटत नाही. जिला खायचं नाही, ती दिवसभर खाण्याचाच विचार का करते? याचं सगळ्यात चांगलं उत्तर ज्यांच्याकडून मिळालं त्यांच्यात एकही मुलगी नव्हती.

स्टेडियमखालचे अठ्ठेचाळीस आठवडे

नोव्हेंबर १९४४. दुसरं महायुद्ध संपत आलेलं, युरोपात लाखो लोक उपासमारीत. या लोकांना पुन्हा खातंपितं कसं करायचं, याची माहिती कुणाकडेच नीटशी नव्हती. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी त्यासाठी एक प्रयोग मांडला. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमच्या पायऱ्यांखाली त्यांची प्रयोगशाळा होती. तिथं ३६ तरुण पुरुष राहायला आले. सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार दिलेली ही मंडळी. स्वतःहून आलेली, तपासून घेतलेली, अंगानं आणि मनानं ठणठणीत.

पहिले बारा आठवडे त्यांना पोटभर जेवण मिळालं, दिवसाला सुमारे ३,२०० कॅलरी. मग फेब्रुवारी ते जुलै १९४५ असे चोवीस आठवडे साधारण निम्मं, म्हणजे १,५७० कॅलरींच्या आसपास. दोन वेळचं जेवण : बटाटे, सलगम, कोबी, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला ३५ किलोमीटर चालणं. प्रत्येकाचं वजन सुमारे एक चतुर्थांशानं उतरवायचं होतं, आणि ते उतरलं. त्यानंतरचे बारा आठवडे पुन्हा खायला घालण्याचे होते. मात्र वजन उतरणं हा या कथेतला सगळ्यात किरकोळ भाग.

नाडीचे ठोके मिनिटाला सरासरी ५५ वरून ३५ वर आले. ऐन उन्हाळ्यात ते पांघरूण मागू लागले. केस गळू लागले, पाय सुजू लागले. हसरे-बोलके तरुण एकलकोंडे झाले, चिडचिडे झाले, पुस्तकात लक्ष लागेना, मुलींमधला रस उडाला. आणि उरलेल्या सगळ्या जागेवर अन्नानं कब्जा केला. एका ताटाशी दोन-दोन तास बसायचे. बटाट्याचे बारीक तुकडे करायचे, पाणी घालून पदार्थ वाढवायचे, शेवटी ताट चाटायचे. च्युइंग गम आणि कॉफी इतकी वाढली की त्यांच्यावर बंधनं आणावी लागली. कादंबऱ्या वाचणारी माणसं पाककृतींची पुस्तकं जमवू लागली, रात्री पडल्या पडल्या वाचू लागली. प्रयोगापूर्वी यांतल्या बहुतेकांना स्वयंपाकात काडीचा रस नव्हता.

हे सांगून होईपर्यंत त्या आईनं एकदा वहीकडे आणि एकदा स्वेटरकडे पाहिलं.

नावातच घोळ

या आजाराचं वर्णन १८७३ साली लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे शार्ल लासेग या दोघा डॉक्टरांनी स्वतंत्रपणे केलं. गल यांनी दिलेलं ‘अनोरेक्झिया नर्व्होसा’ हे नाव रूढ झालं. ‘अनोरेक्झिया’चा मूळ ग्रीक अर्थ भूक नसणं. आणि इथंच फसगत होते. भूक असते, प्रचंड असते. तिच्याशी रोज कुस्ती चाललेली असते. म्हणून तर स्वतः न खाणारी मुलगी घरादाराला खाऊ घालते, वास घेते, समोरच्याच्या तोंडातला घास डोळ्यांनी मोजते. मिनेसोटातल्या तरुणांनी पुस्तकं जमवली, हिनं वही भरली.

फरक आहेच, आणि तो मोठा आहे. त्या पुरुषांना खायचं होतं, फक्त मिळत नव्हतं. या मुलीला समोर ताट असून घास घ्यायची भीती वाटते. ती भीती कुठून येते याला एकच उत्तर नाही. आनुवंशिकतेचा वाटा असतो, काळजीखोर आणि ‘सगळं परफेक्टच हवं’ अशा स्वभावाचा असतो, टोमण्यांचा, रील्सचा, एखाद्या मोठ्या दुखण्याचा किंवा दुःखाचाही असतो. पण डाएट एकदा सुरू झालं आणि वजन एका मर्यादेखाली गेलं की पुढचा बराचसा कारभार भूक स्वतःच्या हाती घेते. हट्टीपणा, तिरसटपणा, मैत्रिणी तोडणं, तासन्‌तास ताटाशी बसणं, अन्नावाचून दुसरं काही न सुचणं, हे सारं आपण मुलीच्या स्वभावाच्या खात्यावर मांडतो. यातलं पुष्कळसं छत्तीस धडधाकट पुरुषांच्या खात्यावरही काही महिन्यांत जमा झालं होतं.

खायची मुभा मिळाल्यावर काय झालं, हेही पाहण्यासारखं आहे. अनेकांना किती खाल्लं तरी समाधान होईना. पोट फुटेस्तोवर खायचे, तरी भूक तशीच. एकाला तर अतिखाण्यामुळे दवाखान्यात न्यावं लागलं. दिवसभर कडकडीत डाएट करून रात्री अकराला फ्रिजपुढे उभं राहून मिळेल ते संपवणाऱ्या आणि मग घशात बोटं घालणाऱ्या मुलीला हे ओळखीचं वाटेल. ‘बुलिमिया’ म्हणजे शब्दशः बैलाएवढी भूक. हा आजार वेगळा म्हणून १९७९ साली लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी नोंदवला. यातल्या मुलीचं वजन पुष्कळदा चारचौघींसारखंच असतं, म्हणून घरात वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. ती स्वतःला ‘ताबाच नाही माझा’ म्हणून कोसत असते. खरं तर दिवसभर थकवलेली उधारी शरीर रात्री व्याजासकट वसूल करतं.

आता एक साधा हिशेब. आपल्याकडच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार १६ ते १८ वयाच्या मुलीला दिवसाला सुमारे २,५०० कॅलरी लागतात. मोबाइलवर सर्रास फिरणारा डाएट चार्ट असतो १,२०० चा. म्हणजे गरजेच्या निम्म्याहूनही कमी. कीज यांनी ज्याला उपासमारीचा प्रयोग म्हटलं, त्यातही साधारण निम्मंच होतं; आणि तिथं डॉक्टर रोज तपासायला होते.

उपवास आणि पारणं

आपल्या घरांमध्ये या आजाराला लपायला जागा भरपूर आहे. सोमवार, संकष्टी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्राचे नऊ दिवस. उपवास करणाऱ्या मुलीला कुणी अडवत नाही, आजी तर कौतुकच करते. उपवासात वाईट काही नाही. पण आपल्या परंपरेनं उपवास धरण्याइतकंच तो सोडण्यालाही महत्त्व दिलं आहे. चंद्रोदयाला मोदक असतो, द्वादशीला पारणं असतं. तेव्हा मुलीनं किती उपवास धरले हे मोजू नका, सोडताना ती पानावर बसते का तेवढं पाहा. ‘आज चंद्र दिसेपर्यंत भूकच मेली’, ‘पित्त झालंय’, ‘मैत्रिणीकडे खाऊन आले’ असं दर वेळी होऊ लागलं, तर तो उपवास देवाच्या नावावर असला तरी देवासाठी राहिलेला नाही.

प्रत्येकीच्या तोंडी ‘मी जाड आहे’ हे वाक्य असेलच असंही नाही. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९९५ साली पाच तरुणींच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्या खात नव्हत्या, वजन उतरत होतं, पण स्वतःच्या शरीराकडे विपरीत नजरेनं पाहणं पाश्चात्त्य पुस्तकांत लिहिलंय तसं त्यांच्यात नव्हतं. आपल्याकडे हा आजार ॲसिडिटीच्या, ‘पोट जड वाटतं’च्या, ‘तोंडाला चव नाही’च्या वेषात दवाखान्यात येतो आणि पित्ताच्या गोळ्या घेऊन परत जातो.

त्यात कौतुकाची भर. कॉलेजातल्या मैत्रिणी, लग्नात भेटलेल्या मावश्या, ब्लाउज शिवणारी बाई, सगळ्या एकच म्हणतात : “अगं, किती बारीक झालीस! काय केलंस?” आजाराला मिळालेली ही पहिली शाबासकी असते. मुली ती विसरत नाहीत. आणि हे घडतं ते अशा देशात, जिथं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. म्हणजे ताटातून काही काढून घ्यावं इतकं त्यात मुळातच नसतं.

काय पाहायचं, काय करायचं

पाळी चुकणं किंवा थांबणं, सतत थंडी वाजणं, उठताना चक्कर, हातापाठीवर बारीक मऊ लव, केस गळणं, जेवल्या जेवल्या न्हाणीघरात जाणं, बोटांच्या पेरांवर दातांचे वण, ढगळ कपडे, चौघांत जेवायला बसणं टाळणं. यांतली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर वाट पाहू नये. भोवळ येत असेल, छातीत धडधडत असेल किंवा पाणीही घेणं बंद झालं असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

आधी वैद्यकीय तपासणी, मग मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ, असं तिघांनी मिळून करायचं हे काम आहे. घाईघाईनं ताट भरून पुढे ठेवणंही धोक्याचं. खूप दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात अन्न एकदम गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपाट्यानं उतरतं आणि हृदयावर बेतू शकतं. म्हणून सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पण एकदा गाडी रुळावर आली की ‘रोज चमचाभर वाढवू’ या बेतानं भागत नाही. कीज यांनीही त्या पुरुषांना आधी थोडं थोडंच वाढवून दिलं होतं; ज्यांना सगळ्यात कमी वाढ मिळाली त्यांच्यात फारशी सुधारणा दिसेना. झीज भरून यायला दिवसाला ४,००० च्या आसपास कॅलरी लागतात, असं अखेर त्यांचं मत झालं. मन पूर्ववत व्हायला तर वजनापेक्षाही जास्त काळ लागला.

किशोरवयीन मुलींसाठी आज सगळ्यात जास्त पुराव्यानिशी सांगितली जाणारी पद्धत लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आली. तिचं सूत्र सोपं वाटतं, पाळणं अवघड आहे : काही काळ काय आणि किती खायचं हे आईवडील ठरवतात. ओरडायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत, ‘आमच्यासाठी खा’ म्हणून रडायचं नाही, कॅलरींवर घासाघीसही करायची नाही. वाढायचं, शेजारी बसायचं, संपेपर्यंत बसून राहायचं. जसं आपण तापातल्या लेकराला औषध देतो तसं. इथं औषध म्हणजे वरण-भात-तूप, भाकरी आणि उसळ, दही, शेंगदाण्याची चटणी. कुणाशी बोलावं हेच कळत नसेल तर सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथं मराठीतही बोलता येतं.

त्या आईला मी एवढंच विचारलं होतं, “ताई, पाणीपुरीच्या वेळी ती कुठं बसते?”

“बसत नाही. उभीच असते. वाढत असते ना.”

दीड महिन्यानं त्या दोघी परत आल्या. वजन अवघं सव्वा किलोनं वाढलं होतं. मुलगी माझ्यावर चिडलेली होती, आईचे डोळे जागरणानं सुजलेले. घरात दोनदा ताट भिरकावून झालं होतं. स्वेटर अजून अंगावर होता.

“रविवारची पाणीपुरी बंद केली,” आई म्हणाली. “ती वाढायची आणि आम्ही खायचो. आता मी वाढते. ती बसते.”

(पुढच्या आठवड्यात : पाळी थांबते तेव्हा हाडांचं काय होतं?)