जुन्या मोटारीतील वीज आणि तिचे दुखणे

आपल्या सभासदांपैकी पुष्कळांच्या घरी वडिलांच्या वेळची ॲम्बॅसिडर किंवा पद्मिनी आजही सांभाळून ठेविलेली आहे. ॲम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पद्मिनीचे तर त्याच्याही आधी. त्यामुळे या गाड्यांची नाडी जाणणारे मिस्त्री दिवसेंदिवस विरळ होत चालले आहेत. सकाळी पेढीवर निघावे, सेल्फ मारावा, आणि गाडीने नुसता 'टक्' असा आवाज करून स्वस्थ बसावे, हा अनुभव अशा गाडीच्या मालकास नवा नाही. मग एकच निदान होते : बॅटरी गेली, नवी आणा. धान्यास कीड लागली म्हणून पोते बदलावे, तशातलाच हा प्रकार होय.

आमच्या शेजारच्या पेढीचे एक वयोवृद्ध व्यापारी श्रावणातील एका रात्री सावंतवाडीहून आंबोली घाटाने बेळगावास परतत होते. बरोबर सून व तिचे तापलेले मूल. घाट चढताना दिवे पिवळे पडू लागले, वायपर रेंगाळला, आणि एका वळणावर इंजिनाने राम म्हटला. बॅटरी चारच महिन्यांपूर्वी घेतलेली! मागून आलेल्या लॉरीवाल्याने माणुसकी दाखविली म्हणून मूल वेळेवर डॉक्टरांकडे पोहोचले. गाडी दुसऱ्या दिवशी दोराने ओढून आणली. दोष निघाला तो डायनॅमोचा पट्टा ढिला पडल्याचा आणि आतील कार्बन झिजल्याचा. जुनी बॅटरीही याच कारणाने वारंवार उतरत होती. तिला विनाकारण रद्दीत काढले गेले.

आपण व्यापारी असल्यामुळे हा हिशेब आपणांस सहज कळेल. पुढचे दोन दिवे ४५ वॅटचे धरले, तर १२ व्होल्टवर त्यांनाच साडेसात ॲम्पिअर लागतात. वायपर, मागचे दिवे आणि इग्निशन मिळून आणखी पाच-सहा. म्हणजे रात्री पावसात तेरा ॲम्पिअरचा खर्च. आणि जुना डायनॅमो इंजिन मंद चालत असता जवळजवळ काहीच देत नाही. घाटात उत्पन्न अशा रीतीने घटते, खर्च मात्र चालूच राहतो, आणि तो सारा भांडवलातून जातो. ज्यांच्या गाडीत पुढे अल्टरनेटर बसविला आहे, त्यांना मंद गतीतही बरी आवक मिळते.

तेव्हा प्रथम आवक तपासावी. साधे मीटर बाजारात अल्प किमतीस मिळते. गाडी रात्रभर उभी असता बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर ती भरलेली समजावी, १२.२ आला तर निम्मी, आणि १२ च्या खाली गेला तर रिकामीच म्हणावयाची. नंतर इंजिन सुरू करून ते थोडे वाढवावे. आकडा १३.८ ते १४.४ पर्यंत चढला पाहिजे. चढत नसेल तर नव्या बॅटरीवर एक पैसाही खर्च करू नये. पट्टा, डायनॅमो आणि त्याचा कट-आउट पाहावा. उलट १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलेला असतो आणि बॅटरीतील पाणी लवकर आटते.

झाकणे उघडणारी बॅटरी असल्यास हायड्रोमीटरसारखे साधन नाही. पोत्याच्या कुशीत नळी खुपसून आपण मूठभर धान्य काढून पाहतो, तद्वत सहाही खणांतील पाणी वेगवेगळे पाहावे. भरल्या खणात १.२६५ ते १.२८० असा आकडा दिसतो. पाच खण सारखे आणि एकच फार उतरलेला असेल, तर मात्र ती बॅटरी खरोखर संपली. खणात घालावयाचे ते डिस्टिल्ड वॉटरच. आम्ल कधीही नव्हे.

आवक ठीक असूनही सेल्फ घेत नसेल, तर पुढचे दिवे लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम विझले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी साचली आहे. ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी (सोडा खणात जाऊ देऊ नये), टोके घासून घट्ट आवळावीत व वरून व्हॅसलीन लावावे. दिवे तसेच लखलखीत राहिले, तर दोष सेल्फच्या स्विचमध्ये किंवा सेल्फमध्येच आहे. इंजिनापासून बॉडीपर्यंत जाणारी अर्थिंगची जाड पट्टी बहुधा कोणी पाहतच नाही. ती तुटली की सेल्फची वीज मिळेल त्या वाटेने परत फिरते. चोकची तार हातास तापलेली लागली, तर हेच ओळखावे.

काही गाड्या धावताना उत्तम, पण दोन दिवस उभ्या राहिल्या की मुक्या. येथे गळती आहे. डिकीतील पाच वॅटचा दिवा जळत राहिला, तर २४ तासांत दहा ॲम्पिअर-तास खातो. अर्थिंगचे टोक सोडून त्या मध्ये १२ व्होल्टचा लहान बल्ब जोडावा. सर्व दारे बंद असताही तो पेटला तर एकेक फ्यूज काढीत जावे. ज्याने बल्ब विझेल, त्या वाटेवर चोर आहे. या गाड्यांतील सर्वच तारा फ्यूजमधून जात नाहीत. म्हणून शेवटी डायनॅमोची तारही सोडून पाहावी, कारण कट-आउटची टोके चिकटली असता डायनॅमोच रात्रभर बॅटरी पितो.

धान्याच्या वखारीपाशी गाडी लावणाऱ्यांस आणखी एक शत्रू आहे, तो उंदीर. तारांवरील कापड किंवा रबर कुरतडले की उघडी तांब्याची तार बॉडीस टेकते. फ्यूज पुन्हा पुन्हा जाऊ लागला म्हणून त्या जागी जाड तार किंवा सिगारेटचा चांदीचा कागद गुंडाळणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. मग फ्यूजऐवजी गाडीच जळते, आणि शेजारी वखार असली तर पुढचे सांगावयास नको.

काम करताना हातातील अंगठी व घड्याळ काढून ठेवावे. विडी तर दूरच, कारण चार्ज होत असलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. टोके सोडताना अर्थिंगचे आधी, जोडताना ते शेवटी. मात्र इंग्रजी बनावटीच्या काही फार जुन्या गाड्यांत धन टोकच बॉडीस जोडलेले असते, म्हणून जुनी बॅटरी उतरविण्यापूर्वी कोणते टोक कोठे होते हे कागदावर लिहून ठेवावे.