आधी बूच, मग घण

बारामतीच्या जुन्या गावठाणात एखादा वाडा पाडायचं ठरलं की पहिली बोलणी सागवानाची होतात. तुळया, खांब, चौकटी, खिडक्यांचे गज, घडीव दगड असं सगळं नजरेनं तोलून पाडकामाचा ठेकेदार आकडा सांगतो. माल बरा निघणार असेल तर उलट तोच मालकाला पैसे देतो. या सौद्यात मैलापाण्याच्या पाइपाचं नावही निघत नाही. जमिनीखालचा चार-सहा इंची स्टोनवेअरचा पाइप भंगारातही जात नाही, मग त्याच्यावर वेळ कोण घालवणार? माझ्या मते पाडकामातली पुष्कळशी शेजारभांडणं या एका कारणातून उगवतात.

भिंत खाली आली की विटांचा चुरा, चुना आणि माती उघड्या पाइपात उतरते. तेव्हा कोणाला काही कळत नाही. पहिला मोठा पाऊस झाला की हा गाळ वाहत गल्लीच्या लाइनीत जातो आणि उतार कमी असेल तिथे बसतो. तुंबतं ते शेजाऱ्याचं. पाडलेल्या घरात तुंबायला काही उरलेलंच नसतं. राडारोड्याखालचं उघडं तोंड म्हणजे उंदीर-घुशींना रस्ता, दुर्गंधीला धुराडं, आणि पावसाळ्यात उलट चढणाऱ्या पाण्याला वाट.

म्हणून जाणता प्लंबर घणाच्या आधी येतो. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘मालक, चेंबर दाखवा.’ मालकाला ते बहुधा माहीत नसतं, कारण मधल्या काळात त्यावर फरशी बसलेली असते. मग बादलीत नीळ कालवून ती संडासात आणि न्हाणीत ओतायची, आणि रस्त्याकडच्या कोणत्या चेंबरात निळं पाणी उतरतं ते बघत बसायचं. उलटाही प्रयोग करावा लागतो: शेजाऱ्याकडे नीळ ओतायची आणि आपल्या चेंबरात डोकवायचं. गावठाणातल्या वाड्यांत खरी गंमत इथेच होते. वाटणीपत्रात विहीर, झाड, जिना, अगदी ओट्याचाही हिस्सा लिहिलेला असतो, पण गटाराचा नसतो. धाकट्या भावाची मोरी थोरल्याच्या माजघराखालून रस्त्याला गेलेली निघते. अशी लाइन बंद करता येत नाही. आधी धाकट्याला दुसरी वाट काढून द्यावी लागते, आणि ती सापडेपर्यंत पाडकाम थांबतं. ठेकेदार कुरकुरतो, कारण जेसीबीचं भाडं तासावर असतं.

बूच मारायचं ते घराच्या आत नव्हे, हद्दीजवळच्या शेवटच्या चेंबराशी. आत मारलं तर पोकलेनच्या पहिल्याच फेरीत पाइपासकट उखडतं. चेंबरातला गाळ काढून पाइपाचं तोंड घासून कोरडं करतात. मग रबरी बूच आत सरकवून त्याचा नट आवळायचा. रबर फुगून पाइपाला घट्ट बसतं. त्यावर वीटतुकडे आणि एकास तीन सिमेंट-वाळूचा माल. घाईचे लोक गोणपाट कोंबतात आणि वरून सिमेंटचा हात फिरवतात. गोणपाट कुजतं, वरचा पापुद्रा खचतो, आणि जे टाळायचं होतं ते वर्षभरानं घडतं.

जिथे भुयारी गटार नाही तिथे मैलाटाकी, म्हणजे सेप्टिक टँक. तिला बूच पुरत नाही. सक्शनच्या गाडीनं ती उपसायची, तळाला भोकं पाडायची, मग वाळू-मुरुमानं थराथरानं भरून दाबायची. नुसती रिकामी ठेवली तर पाडकामाच्या यंत्राच्या वजनानं तिचं झाकण बसू शकतं. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आणखी एक भानगड आहे. नीरा डाव्या कालव्याला 1885 च्या सुमारास पाणी आलं, ऊस आला, आणि काही जमिनी चिबडही झाल्या. इंदापूरच्या उत्तरेला उजनीचा फुगवटा. अशा उथळ भूजलाच्या जागी उपसलेली टाकी खालच्या पाण्याच्या दाबानं तळाला तडकू शकते, प्लास्टिकची तयार टाकी तर उचलूनही येते. म्हणून इथे उपसणं आणि भरणं यांत दिवस जाऊ द्यायचा नसतो.

टाकीत माणूस उतरवायचा नाही, हे मात्र कोणत्याही कौशल्याच्या वरचं. मार्च 2023 मध्ये बारामती तालुक्यातल्या खांडज इथे जनावरांच्या मलमूत्राच्या टाकीत चार जण गुदमरून गेले. अशा प्रसंगी पहिला बेशुद्ध होतो आणि त्याला काढायला उतरलेले त्याच्या मागे जातात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी साचणारा. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो; जास्त झाला की नाकच बधिर होतं, आणि वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं. 2013 च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा टाकीत माणूस उतरवण्यावर बंदी आहे, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली.

नियमांत ही बाब नवी नाही. पाडकामाच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक 4130 आहे, 1991 ची आवृत्ती. सेवावाहिन्या आधी तोडण्याचा आग्रह त्यातही आहे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत तर वीज, गॅस, पाण्याच्या पंगतीत गटारही नाव घेऊन बसवलंय आणि तोंड इमारतीच्या हद्दीबाहेर बंद करायला सांगितलंय. आपल्याकडे वीज तोडल्याशिवाय कोणी घण मारत नाही, कारण तिचा झटका लगेच बसतो. गटाराचा झटका बसायला पावसाळा यावा लागतो, आणि तोवर ठेकेदाराचा हिशेब चुकता झालेला असतो.

बूच मारल्यावर उरतं ते कागदाचं काम. समोरचा विजेचा खांब आणि शेजारच्या भिंतीचा कोपरा, अशा दोन न हलणाऱ्या खुणांपासून बुचाचं अंतर मोजून लिहायचं आणि एक प्रत नगरपालिकेच्या अर्जाला जोडायची. नवं घर उभं राहिल्यावर जुन्याच लाइनीत जोड द्यायचा असेल तर बूच फोडण्याआधी त्याच्या घराकडच्या बाजूनं पाइपात पाणी भरून पातळी खुणावून ठेवतात. स्टोनवेअरचे सांधे सिमेंटचे. वरून पोकलेन फिरला की ते निखळतात. तासाभरात पातळी उतरली, तर चेंबरापर्यंत पाइप उकरून नवा टाकायचा.